बावन्न पानांचा हिशेब

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच दोघी-तिघींनी नाक मुरडलं. बायकांच्या रेडिओवर पत्त्यांचं गणित? लोक काय म्हणतील? विषय आम्ही हौसेनं घेतलेला नाही, तो आमच्याकडे चालत आला.

आमच्या बचत गटातल्या एक मावशी हप्त्याच्या दिवशी आल्या, तर गळ्यातली एकदाणी दिसेना. कुणी विचारलं नाही. असल्या गोष्टी बायका विचारत नाहीत, नुसत्या बघतात. पुढच्या महिन्यात त्या आपणहून बोलल्या. मुलानं फोनवर तीन पत्ती खेळून सोयाबीनची सगळी पट्टी घालवली होती, वर आडत्याकडून उचलही घेतली होती. ती उचल फेडायला एकदाणी गहाण पडली. मग म्हणाल्या, "तो म्हणतो, माय, अजून दोन दिवस पैसे दिले असतेस तर सगळं परत आलं असतं. आता लागायचीच वेळ आली होती. खरंच आलं असतं का गं?"

आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, जुगार वाईटच. पण मावशींनी ते विचारलंच नव्हतं. ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांचा प्रश्न होता, आलं असतं का? आणि याचं उत्तर आमच्यापैकी एकीकडेही नव्हतं.

उत्तराची पहिली खूण सापडली ती एकीच्या लेकीच्या दप्तरात. दहावीच्या गणिताच्या पुस्तकात 'संभाव्यता' नावाचं प्रकरण आहे, आणि त्यात चक्क पत्त्यांचा कॅट आहे. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट, प्रत्येकी तेरा पानं, एकूण बावन्न. बोर्डाच्या पुस्तकात आहे म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या गप्प झाल्या. बाजारातून एक कॅट आणला आणि चार संध्याकाळी आम्ही तो पिसत बसलो. आमच्यात सातवीत शाळा सुटलेल्याही आहेत आणि पदवीधरही आहेत. पानं वाटताना त्यानं काही फरक पडला नाही.

पहिला प्रश्न साधा होता. बावन्न पानांतून तीन पानं हातात येतात, तर असे वेगवेगळे हात किती होऊ शकतात? पहिलं पान बावन्नपैकी कुठलंही. दुसरं उरलेल्या एक्कावन्नपैकी. तिसरं पन्नासपैकी. तिन्हींचा गुणाकार १,३२,६००. पण एक्का, राजा, राणी असे आले काय किंवा राणी, एक्का, राजा असे आले काय, हात एकच. तीन पानं सहा प्रकारे लावता येतात, म्हणून सहानं भागायचं. उत्तर २२,१००. म्हणजे तीन पत्तीचे सगळे मिळून बावीस हजार शंभर हात. त्याच्या बाहेर काही नाही. दैव, नशीब, साडेसाती, जे काही यायचं ते या बावीस हजार शंभरातूनच येणार.

आता हा गुणायचा आणि भागायचा नियम आला कुठून, हे शोधायला गेलो आणि फिरून लातुरालाच येऊन पोचलो.

आपल्याकडे राष्ट्रकूट नावाचे राजे होऊन गेले. वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या काळात कोरलं, तेच. हे राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातलं कंधारही त्यांचंच. तिथला जगत्तुंग समुद्र हा तलाव त्यांच्या काळातला. पुढे त्यांची राजधानी मान्यखेटला गेली. ते म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. या घराण्यातला अमोघवर्ष नृपतुंग इसवी सन ८१४ ते ८७८ असा चौसष्ट वर्षं राजा होता. त्याच्याच राज्यात महावीराचार्य नावाचे जैन गणिती राहिले. त्यांनी सुमारे ८५० साली 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ लिहिला आणि सुरुवातीलाच अमोघवर्षाची स्तुती केली.

काही वस्तूंतून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतात, याचा सर्वसाधारण नियम या ग्रंथात दिलेला आहे. एका रांगेत उतरते आकडे, दुसऱ्या रांगेत एकपासून चढते आकडे, वरच्यांचा गुणाकार, खालच्यांचा गुणाकार आणि मग भागाकार. आम्ही जे केलं ते तेच: वर ५२, ५१, ५०, खाली १, २, ३. आमच्या गटातल्या एकीनं तर विचारलंच, "मग दहावीच्या पुस्तकात याचं नाव का नाही?" आमच्याकडे याचंही उत्तर नव्हतं.

महावीराचार्यांनी उदाहरण पत्त्यांचं दिलेलं नाही. तेव्हा पत्ते होतेच कुठे. त्यांचं एक उदाहरण दागिन्याचं आहे. हिरा, नीलम, पाचू, पोवळं आणि मोती, या पाच रत्नांतून निवडून हाराचे किती प्रकार होतील? एकेका रत्नाचे पाच, दोन-दोन मिळून दहा, तीन-तीन मिळून दहा, चार-चार मिळून पाच आणि पाचही एकत्र असा एक. एकतीस हार. मावशी हे ऐकून हसल्या. "एकतीस राहू दे, माझी एक आणा," म्हणाल्या.

यानंतर तीनशे वर्षांनी, ११५० साली, भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली. तिच्या शेवटी अंकपाश नावाचा भाग आहे, आकडे किती प्रकारे मांडता येतील याचा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेल्या मठाची त्यात नोंद आहे. लीलावतीतली कितीतरी उदाहरणं एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत. गणित विचारायचं मुलीला आणि शाळेत घालायचं मुलाला, हे पुढची कित्येक शतकं चाललं, ते वेगळं.

युरोपात हाच हिशेब जुगाराच्या टेबलावरून वर आला. इटलीत कार्दानो नावाचा वैद्य होता, गणिती होता आणि अट्टल जुगारीही होता. त्यानं सोळाव्या शतकात फाशांच्या शक्यतांवर पुस्तक लिहिलं, पण ते छापलं गेलं १६६३ साली, त्याच्या मरणानंतर. त्याआधी १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींनी एकमेकांना पत्रं लिहिली होती. प्रश्न असा होता, की डाव अर्धवट मोडला तर मांडलेले पैसे खेळाडूंनी कसे वाटून घ्यायचे? त्या पत्रांतून संभाव्यतेचं शास्त्र उभं राहिलं, असं जगभर शिकवतात. ते खरंही आहे. पण निवडीचा नियम लट्टलूरच्या राजांच्या राज्यात त्याआधी आठशे वर्षं लिहून झाला होता.

आपल्याकडे जुगाराच्या गोष्टी कमी नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. त्यात बायको दुरावलेली आणि सासू द्वेष करणारी आहे. द्रौपदीनं भर सभेत प्रश्न केला, की आधी स्वतःला हरलेला माणूस मला पणाला लावूच कसा शकतो? भीष्मांनाही त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. वेरूळच्या २१ व्या लेण्यात, रामेश्वर म्हणतात त्या, शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत आणि खाली गण नंदीशी मस्ती करताहेत. सहलीला गेलात तर मुद्दाम पाहा. दिवाळीच्या पाडव्याला जुन्या पंचांगांत द्यूतप्रतिपदा म्हणतात, ते शंकर-पार्वतीच्या याच खेळावरून. म्हणजे आपल्याकडे खेळाला बंदी नव्हती. घरातल्या घरात, एका दिवसापुरतं, असा त्याला आळा होता.

पण आम्हाला सगळ्यात जवळची वाटली ती कमळाइसा. महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी पूर्वाश्रमी गुजरातेतल्या प्रधानाचे पुत्र, हरिपाळदेव. ते द्यूतात मोठी रक्कम हरले. ती फेडायला त्यांनी पत्नीकडे, कमळाइसांकडे, दागिने मागितले. कमळाइसांनी दिले नाहीत. शेवटी वडिलांनी ते पैसे भरले. या प्रसंगानं त्यांचं मन संसारातून उडालं, मग रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानं ते बाहेर पडले, पुढे रिद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली आणि मराठीला लीळाचरित्रासारखा ग्रंथ मिळाला. आपलं माहूर हे या पंथाचं मोठं स्थान, म्हणून आपल्या भागात ही कथा पुष्कळांना ठाऊक आहे. ती सांगताना लोक पुढच्या वैराग्याकडे वळतात. आम्ही मात्र दागिने न देणाऱ्या बाईपाशीच जरा थांबलो. तिच्या मनात त्या वेळी काय असेल, हे ग्रंथात नाही. आमच्या मावशींनी दिले होते. दोघींतली कुणाची चूक, असा वाद आमच्यात तासभर चालला आणि मिटला नाही.

आणखी एक कथा हिशेबाशी थेट बांधलेली आहे. नळराजा फाशांत सगळं हरला. दमयंतीला रानात सोडून गेला आणि ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिला. वाटेत बेहड्याचं झाड लागलं. तोच, त्रिफळा चूर्णातला बेहडा. जुन्या काळी त्याच्या बियांचेच फासे करत. ऋतुपर्णानं नुसतं पाहून पानं किती आणि फळं किती ते सांगितलं. नळाला पटेना. त्यानं झाड तोडून मोजलं, तर आकडा बरोबर निघाला. त्यानंतर ऋतुपर्णानं नळाला फाशांची विद्या शिकवली, नळानं त्याला घोड्यांची दिली. थोडं पाहून सगळ्याचा अंदाज बांधणं आणि जुगाराचं मर्म कळणं या एकाच घरच्या विद्या आहेत, हे महाभारत रचणाऱ्याला ठाऊक होतं असं दिसतं. ती विद्या आली त्या क्षणी नळाच्या अंगातला कली बाहेर पडला, असंही तिथं सांगितलं आहे.

आता पत्त्यांकडे येऊ. आपल्याकडे आधी होता गंजिफा. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या एका मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. कोकणात सावंतवाडीला लाखेची गोल दशावतारी गंजिफा बनते: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण एकशे वीस. ही कला विझत आली होती, तेव्हा राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले उरल्यासुरल्या म्हाताऱ्या चिताऱ्यांकडून स्वतः शिकल्या आणि तिला पुन्हा उभी केली. बावन्न पानांचा कॅट मात्र युरोपातून आला. इंग्रजांचा ब्रॅग नावाचा तीन पानांचा खेळ होता, आपल्या तीन पत्तीचं मूळ त्यात आहे असं मानतात. पोकर ही त्याच गोतातली अमेरिकेतली बहीण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या बोटींवर ती वाढली, आधी वीस पानांवर आणि मग बावन्नवर.

आमच्या चार संध्याकाळींचं फळ आता सांगतो. एक कागद घ्या. बावीस हजार शंभर हातांतले ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी, किती? फक्त ५२. सव्वाचारशे वाटण्यांत एक. प्युअर सिक्वेन्स, एकाच रंगाची ओळीनं तीन पानं, ४८. साधी सिक्वेन्स ७२०, म्हणजे साधारण एकतीस वाटण्यांत एक. कलर १,०९६, वीस वाटण्यांत एक. जोडी ३,७४४, सहा वाटण्यांत एकदा. आणि काहीच न जुळलेले फुसके हात १६,४४०. शंभरातल्या चौऱ्याहत्तर वेळा हातात काहीही नसतं. सिनेमातल्या हिरोला दर डावाला तीन एक्के येतात. आम्ही शंभर वाटण्या लिहून ठेवल्या. जोड्या एकोणीस आल्या. ट्रेल एकदाही नाही.

यात एक गंमत आमच्यातल्या दहावीच्या पोरीनं पकडली. प्युअर सिक्वेन्सचे हात ४८ आणि ट्रेलचे ५२. म्हणजे प्युअर जास्त दुर्मीळ, तरी खेळात ट्रेल वरचढ धरतात. नियम करणाऱ्यांनी हिशेब केलेला नव्हता. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण म्हणतो, त्यात अशी चार हातांची चूक निघू शकते.

दुसरी गोष्ट. जोडी आली की माणूस हुरळतो. जोडी किंवा त्याहून चांगला हात येण्याची शक्यता चारात एक, हे खरं. पण टेबलावर सहा जण असले, तर शंभरातल्या सुमारे त्र्याऐंशी डावांत कुणाच्या ना कुणाच्या हातात जोडी किंवा तिच्याहून मोठं काहीतरी असतंच. आपलंच पान दिसतं, पाच जणांची दिसत नाहीत, म्हणून आपलं मोठं वाटतं.

पोकरमध्ये हिशेबाला जरा जास्त जागा आहे. गोव्यात मांडवीवरच्या कसिनोंत आणि फोनवर जो प्रकार चालतो, त्यात आधी दोन पानं हातात येतात आणि पाच पानं टप्प्याटप्प्यानं मध्ये उघडतात. महावीराचार्यांच्या नियमानं बावन्नातून दोन पानांचे हात होतात १,३२६. त्यात दोन एक्के असलेले सहाच, म्हणजे दोनशे एकवीस वाटण्यांत एक. कुठलीही जोडी सतरात एक. आता समजा, तुमच्या हातात दोन इस्पिक आहेत, मध्ये तीन पानं उघडली आणि त्यातही दोन इस्पिक आहेत. अजून एक इस्पिक आलं की पाच होतील. तुम्ही पाच पानं पाहिली, न पाहिलेली सत्तेचाळीस. त्यात इस्पिक नऊ. पुढचंच पान इस्पिक निघण्याची शक्यता सत्तेचाळिसात नऊ, पाचात एकीहून किंचित कमी.

इथं नवशिका विचारतो, येईल का? हिशेबी माणूस विचारतो, कितीला पडेल? मध्ये शंभर रुपये पडलेत आणि पुढचं पान पाहायला वीस टाकायचे आहेत. सत्तेचाळीस वेळा असं घडलं, तर अडतीस वेळा वीस जातील, ७६०. नऊ वेळा शंभर येतील, ९००. टाकायला हरकत नाही. पण मध्ये साठच असतील तर येतील ५४० आणि जातील ७६०. तेव्हा पान खाली ठेवायचं. पोकरचं सुरुवातीचं गणित एवढंच आहे, आणि भाजी मंडईत रोज घासाघीस करणाऱ्या बाईला ते समजायला दहा मिनिटं लागतात. आम्हाला वीस लागली, कारण मध्ये चहा आला.

मग हिशेब शिकून जिंकता येतं का? पोकरमध्ये, नवशिक्यांविरुद्ध, थोडंफार येतं. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ते पैसे आभाळातून पडत नाहीत, ते त्याच टेबलावरच्या नवशिक्याच्या खिशातले असतात. आणि टेबलाचा मालक दर डावाला आपला वाटा काढून घेतो. उदाहरण घेऊ. सहा जण पाच-पाचशे घेऊन बसले, तीन हजार झाले. ॲपवाला दर डावातून दहा रुपये कापतो असं धरा. तीनशे डाव झाले की तीन हजार रुपये ॲपकडे गेले. सहाही जण सारखेच हुशार असले तरी सहाही रिकामे. फोनवर पानं पिसावी लागत नाहीत, वाटावी लागत नाहीत, म्हणून तीनशे डाव एका रात्रीत होतात. पारावर झाले असते तर महिना लागला असता.

पारावरून आठवलं, मटका. आमच्यातल्या थोरल्या बायकांना 'आकडा' हा शब्द चांगला ठाऊक आहे, पण तो कापसातून आला हे ठाऊक नव्हतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेनं मुंबईला यायचे आणि लोक त्यातल्या आकड्यांवर पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. १९६१ साली ते भाव बंद झाले. १९६२ मध्ये कल्याणजी भगतनं मुंबईत स्वतःच आकडा काढायला सुरुवात केली, १९६४ मध्ये रतन खत्रीनं. कापूस आपल्या रानात, भाव न्यूयॉर्कचा आणि आकडा मुंबईचा. मटक्याचा हिशेब तर अगदी उघडा आहे. शून्य ते नऊ, आकडे दहा. लागला तर रुपयाला नऊ. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला, की दहा गोळा झाले आणि नऊ वाटले. रुपया गेला काढणाऱ्याकडे, रोज, वर्षानुवर्षं, आणि एवढं करायला त्याला लबाडीचीही गरज नव्हती.

कायद्याचाही एक धागा आपल्याकडून जातो. निजामाच्या राज्यात फसली सन १३०५ चा हैदराबाद जुगार कायदा होता. तेव्हा नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा त्याच राज्यात होते. त्या कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबवर रमी खेळल्याचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६७ साली न्यायालयानं म्हटलं, रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं ते ठरवावं लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. तीन पानांचा खेळ तसा नाही, तो निव्वळ नशिबाचा. पुढे फोनवर रमी देणाऱ्यांनी याच निकालाचा आधार घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला: खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळवता येणार नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून बायांनो, घरात कुणी यात अडकलं असेल तर त्याला पोलीस धरून नेतील या भीतीनं तोंड दाबून बसू नका.

आता मावशींचा प्रश्न. दोन दिवस अजून खेळला असता, तर परत आलं असतं का?

मुलाचं म्हणणं होतं, इतक्यांदा हरलो म्हणजे आता लागायचीच वेळ आली. आम्ही हे पानांवर करून पाहिलं. प्रत्येक डावाला बावन्न पानं पुन्हा पिसली जातात. मागच्या डावात काय झालं ते पानांना माहीत नसतं. वीस डाव हरलेल्या माणसाला एकविसाव्या डावात ट्रेल येण्याची शक्यता सव्वाचारशेत एक, आणि आत्ताच येऊन बसलेल्यालाही तेवढीच. लागायची वेळ नावाची गोष्टच नाही.

तो आणखी एक करत होता, हरला की दुप्पट लावायचा. दहा, वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस, सहाशे चाळीस. सात डाव हरलं की १,२७० रुपये गेले आणि आठव्याला १,२८० लावायचे. जिंकला तरी हाती काय? सगळं धरून दहा रुपये. दहा रुपये कमवायला साडेबाराशे पणाला. मावशींनी हे कागदावर स्वतः मांडलं. बेरीज दोनदा केली. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"म्हणजे मी दिले नसते तरी चाललं असतं," म्हणाल्या. त्या आडत्याच्या उचलीबद्दल बोलत होत्या की त्या दोन दिवसांबद्दल, हे आम्ही विचारलं नाही.

एकीनं मध्येच शंका काढली, की शेती तरी काय वेगळी आहे, तोही जुगारच. यावर पुष्कळ बोलणं झालं. बी, खत, खुरपणी यांनी शेतातलं पान थोडंतरी बदलता येतं आणि पाऊस काही दर सरीला कमिशन कापत नाही, असं काहींचं मत पडलं. आडत्या कापतो, असं दुसरीचं. तो हिशेब वेगळा मांडावा लागेल.

मावशींनी तो कागद घडी घालून घरी नेला. मुलानं पाहिला. आधी चिडला, म्हणाला, बायकांना काय कळतं खेळातलं. मग दोन दिवसांनी त्यानं विचारलं, हे १६,४४० कसे काढले? मावशींना सगळं सांगता आलं नाही. त्याला घेऊन आल्या. दहावीच्या पोरीनं त्याला समजावलं, तो पायरीवर बसून ऐकत होता, चप्पल पायातच. एकदाणी अजून गहाणच आहे. गटातून कर्ज काढून ती सोडवायची का, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं आहे, आणि त्यावर सगळ्यांचं एकमत नाही.

कॅट आमच्या कपाटात आहे. परवा मोजला तर एक्कावन्न पानं निघाली, किलवरची सत्ती कुठंतरी गेली. आता तीन पानांचे हात किती उरले, असं एकीनं सहज विचारलं. पोरगी कागदाला हात लावायच्या आत मावशी आकडे मांडत होत्या: वर ५१, ५०, ४९, खाली १, २, ३. वीस हजार आठशे पंचवीस.